मापाची दोन टोपणं

आमच्या घरात कुणी खोकललं की सगळ्यांना बरं वाटायचं, असं लिहिलं तर ते फारसं खोटं ठरणार नाही. अण्णांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं, लातुरात गंजगोलाईजवळ औषधांचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीला पाठ लावून घर. इतरांच्या घरी लेकरू रडलं तर त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवत, आमच्याकडे चमचा पुढे यायचा. पोट दुखलं, परीक्षेत नापास झालं, नणंद टोचून बोलली, कशावरही बाटली होती. सकाळी दुकानाचं शटर खडखडत वर जायचं, त्या धक्क्यानं फळ्यांवरच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या, आणि त्याच वेळी आत मोठीआईच्या हाताखाली भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. मोठीआई म्हणजे अण्णांची बायको. भाकरी, भस्म आणि लाल गोड औषध अशा तीन वासांच्या त्या घरात मी वाढले, आणि तिन्ही वास अजून मला भुकेसारखे लागतात. त्यातला एक टाळायला मला निम्मं आयुष्य लागलं.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तिच्या मरणाचा गुन्हेगार शोधायला घराला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. स्टोव्ह सापडला. स्टोव्ह भडकला, असं सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं, आणि आमच्या घरात एकमुखानं ठरलेली ती बहुधा एकच गोष्ट असेल. अण्णांनी तो पितळी गुन्हेगार भंगारात दिला. महिन्याभरात घरी गॅस आला, आणि आल्यागेल्याला तो अशा तोऱ्यात दाखवला जाऊ लागला, जणू काही मयताला न्याय मिळाला. आदल्या दिवशी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईला पट्ट्यानं मारलं होतं, ही गोष्ट स्टोव्हला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मला मात्र आणखी एक गोष्ट माहीत होती. आमचं स्वयंपाकघर अंगणाच्या पलीकडे, वेगळं, पत्र्याच्या दाराचं होतं. त्या दुपारी आईनं मला तिथून बाहेर काढलं, माझे केस मागे सारले आणि म्हणाली, "बाहेरून कडी लाव बाई, आन् जा खेळायला." मी लावली. कडी उंच होती. मी पाट आणला, त्यावर चढून कडी लावली, आणि पाट परत जागेवर नेऊन ठेवला. मी फार शहाणी मुलगी होते.

संध्याकाळी अण्णांनी मला मांडीवर घेऊन एक वाक्य पाठ करून घेतलं: मी अंगणात खेळत होते, स्टो भडकला. शाळेत कविता म्हणताना मी अडखळायचे, हे वाक्य पहिल्या फटक्यात आलं. पोलीस भला माणूस होता. त्यानं ऐकलं, लिहून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कडीचं कुणीच विचारलं नाही. मोठीआईनं मला दोन चमचे लाल औषध पाजलं. छातीत कुणीतरी ऊबदार हात ठेवल्यासारखं झालं आणि मी झोपले. त्यानंतर चौदा वर्षं मी दोनच गोष्टींच्या मागे होते. एक तो हात पुन्हा छातीवर यावा. आणि दुसरी, ती कडी कुणी लावली हे या घरात कधीही कुणाला कळू नये. कळलं त्या दिवशी ही माणसं मला बाहेर काढून आतून कडी लावतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

दादांनी वर्ष सरायच्या आत उदगीरला दुसरं लग्न केलं आणि तिकडेच राहिले. सणासुदीला यायचे, येताना केळी आणायचे. बापाचं प्रेम केळीत मोजायचं झालं तर मी लातूर जिल्ह्यातली सर्वांत लाडकी लेक असेन.

इकडे माझी छाती नाजूक असल्याचं घरानं जाहीर केलं. मला खोकला नव्हता, पण औषध लागत होतं. तेव्हा खोकला असणं भागच होतं. मी तो शिकले. चौदाव्या वर्षी मी इतका सुरेख खोकायचे की गिऱ्हाईकं हळहळायची. सोळाव्या वर्षी चमच्याची गरज संपली, बाटलीच तोंडाला लागू लागली. मधूनच मी ताट भिरकावून द्यायचे, कुणाच्या गळ्यात पडून रडायचे, त्याच माणसाशी संध्याकाळी बोलणं टाकायचे, आणि कुणी दोन गल्ल्या पलीकडे जरी निघालं तरी ते परत येणार नाही अशा खात्रीनं उंबऱ्यात आडवी पडायचे. यावर घरात बऱ्याच चर्चा झाल्या. निष्कर्ष असा निघाला की हिला पुस्तकं वाचायचा लई नाद आहे, त्यानं डोकं फिरलं. पुस्तकं कुलपात गेली. औषध फळीवर राहिलं, कारण औषध वाईट आहे असं औषधवाल्याच्या घरात कोण म्हणणार?

या सगळ्याला एक नाव आहे हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मी ग्रंथपाल म्हणून जन्म काढलेली बाई. कुठलीही वस्तू योग्य फळीवर लागली की मला हायसं वाटतं. मी घरी येऊन ते नाव वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि वर तारीख घातली. लगेच रागही आला. इतकी वर्षं मी स्वतःला फार गहन समजत होते, आणि बाईंच्या कपाटात माझ्यासारख्यांची एक अख्खी फाइल होती.

बारावीनंतर मला नांदेडला शिकायला पाठवलं. घराला विसावा हवा होता, त्याला त्यांनी माझं शिक्षण म्हटलं. तिथं खोलीत माझ्याबरोबर किनवटकडची कमल होती. जंगलातल्या गावची, वसतिगृहातच वाढलेली, कमी बोलणारी. तिच्याशी माझी पहिल्या आठवड्यातच जन्माची मैत्री झाली, म्हणजे मी तसं जाहीर केलं. तिनं तिचे धपाटे माझ्याबरोबर वाटून खाल्ले, आणि तिला त्यात काही जन्माचं वाटलं नसावं. एकदा ती दोन दिवस गावी गेली. पहिल्या दिवशी दुपारी मी तिची ट्रंक उचलून व्हरांड्यात फेकली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्टेशनवर बाकड्यावर बसून किनवटकडून येणारी प्रत्येक गाडी पाहिली. ती उतरली तेव्हा मी तिला मिठी मारली आणि म्हणाले, ट्रंकेचं कुलूप तुटलंय. कमलनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"तुला ताप हाय का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग ताप तरी येऊ दे न. काहीतरी असू दे अंगात. नुसतीच अशी असशील तर मला भ्या वाटून राहिलंय."

सहा महिन्यांनी तिनं खोली बदलून घेतली. तिचं चूक होतं असं म्हणायला मला आजही आवडेल, पण जमत नाही.

नांदेडात आणखी एक अडचण होती. इथल्या फळ्या परक्यांच्या होत्या. लातुरात बाटली उचलली तरी खोकला ऐकवला की भागायचं, इथं दाम मोजावा लागायचा. आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच दीक्षा होते, गळ्यात इष्टलिंग येतं आणि मरेपर्यंत तिथंच राहतं. ते चांदीच्या डबीत असतं, आणि पूजेला तेवढं बाहेर काढून डाव्या तळहातावर घेतात. माझी डबी आईची होती. आईला बसवून माती दिली तेव्हा तिचं लिंग तिच्या हातावर गेलं आणि डबी माझ्या गळ्यात आली. ती डबी मी तिसऱ्या वर्षी विकली. लिंग तसंच कसं ठेवायचं म्हणून औषधाच्या बाटलीवर मापासाठी येतात ती प्लास्टिकची दोन टोपणं घेतली, तोंडाला तोंड लावून त्यात लिंग ठेवलं, आणि वरून दोरा आवळला. अगदी मापात बसलं. टोपणांना माझ्याकडे तोटा नव्हता. विकण्याचं मला दुःख झालं नाही. मला माझ्या कल्पकतेचं कौतुक वाटलं.

त्याच वर्षी अण्णांनी दुसरं दुकान उघडलं, आणि त्या मुहूर्तावर मला लातूरला बोलावलं. रविवार होता. नव्या दुकानापुढे मांडव, मागच्या मोकळ्या जागेत चुलवणावर गव्हाच्या खिरीचं, हुग्गीचं, भलं मोठं पातेलं. गुळाचा वास रस्त्यापर्यंत आलेला. जंगमस्वामींना, म्हणजे आमच्या गुरूंना, पाटावर बसवून त्यांचे पाय धुतले गेले, आणि मग घरातली सगळी माणसं पूजेला ओळीनं बसली. उदगीरहून दादाही आले होते, केळ्यांसकट. मी ओळीच्या टोकाला बसले आणि लिंग काढताना मूठ झाकून घेतली. पण माझ्या शेजारी बसू होता, अण्णांचा मुलगा. त्याला लहानपणापासून शेजारच्या पानात डोकावायची खोड.

"अगं गिरजे, हे काय हाय?" तो केवढ्यानं तरी म्हणाला.

ओळीनं माना वळल्या. माझ्या मांडीवर दोरा सुटलेली दोन पारदर्शक टोपणं होती आणि त्यांवरच्या पाच-दहाच्या रेघा मांडवातल्या उन्हात स्वच्छ दिसत होत्या.

"डबी कुठाय?" अण्णा म्हणाले. "तुझ्या आईची डबी व्हती ती!"

"इकली असंल," बसू म्हणाला.

मग बोलले ते दादा. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला, आवाजात आवश्यक तेवढा ओलावा आणला आणि मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आईची येवढी बी किंमत न्हाई ऱ्हायली हिला."

मी उभी राहिले. तोंडातून काय निघणार ते मला आधी माहीत नव्हतं. "कडी मी लावली होती," मी म्हणाले. "बाहेरून. आई म्हणाली लाव, मी लावली. पाटावर चढून. स्टो भडकलाच नव्हता. तुम्ही मारलं दादा, म्हणून तिनं जाळून घेतलं. आणि मी कडी लावली."

चौदा वर्षं मी त्या वाक्याला भीत आले होते. ते बाहेर पडलं की छप्पर कोसळेल, जमीन फाटेल, निदान कुणीतरी किंचाळेल. मांडवात एक माशी घोंगावत होती ती मला ऐकू आली. मग अण्णा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. डबी कुणाला इकली ते सांग आधी. सोनाराचं नाव सांग."

"पुस्तकं. मी कवाचं म्हणून राहिले," कुणीतरी बाई पदराआडून म्हणाली.

स्वामी सज्जन होते. त्यांनी मुहूर्ताकडे लक्ष वेधलं. घंटा वाजली, पूजा झाली. नंतर पंगतीत दादांनी हुग्गी दोनदा मागून घेतली. मी ते मुद्दाम मोजलं. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा गौप्यस्फोट एका चांदीच्या डबीखाली चिरडून मेला, आणि त्याला कुणी मातीसुद्धा दिली नाही. आज लिहिताना मला हसू येतं. त्या दिवशी मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते, आणि कुणीही मला बाहेर काढत नव्हतं ही गोष्ट मला बाहेर काढण्याहूनही भयंकर वाटत होती.

माझं कोपर कुणीतरी धरलं. मोठीआई. ती मला ओढत मागे चुलवणापाशी घेऊन गेली, मला एका उपड्या घमेल्यावर बसवलं आणि पातेल्यात उलथनं घालून तळ खरवडू लागली.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"कडीचं. मीच काढली न्हवं का." तिनं उलथनं उजव्या हातात घेतलं आणि डावा तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर आडवा, गुळगुळीत, गुलाबी पट्टा होता. तो मी रोज पाहिला होता. त्यावर लिंग ठेवून ती रोज सकाळी पूजा करायची. "उजव्या हातात पाण्याची कळशी व्हती. डाव्यानं वढली कडी. दार तापून लाल झालतं."

"तू तर तवा लागला म्हणायचीस."

"मग काय म्हणू? कडी बाहेरून व्हती म्हणलं असतं तर पोलिसांनी पुढचं इचारलं असतं. कुणी लावली? तुझ्या बापाला नेलं असतं तर मी गल्लीत साखर वाटली असती. पण तुला बी इचारलं असतं. आन् तू सांगितलं असतंस. लई खरं बोलायचीस तू तवा." तिनं पातेल्याखालचं लाकूड मागे ओढलं. "सात वर्साचं लेकरू. आई म्हणली लाव, लेकरानं लावली. त्यात तुझं काय? मला वाटलं इसरून जाशील. म्हणून तर पाजलं ते. दुसरं काय देणार व्हते मी? दुकान औषधाचं. कापडाचं असतं तर झंपर शिवला असता."

मी रडले नाही. मी तिच्यावर ओरडले, की मग चौदा वर्षं बोलली का नाहीस, की तूच मला या बाटलीला लावलंस, की मी तुला कधी माफ करणार नाही. ती हुग्गी ढवळत राहिली. माझा दम संपल्यावर तिनं हात पुढे केला.

"आण ते."

मी टोपणं दिली. तिनं ती उन्हाकडे धरून पाहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्या रेघा कसल्या?"

"मापाच्या. पाच, दहा."

"म्हंजी मापात घ्यायचं असतंय व्हय," मोठीआई म्हणाली. "तुला सांगितलं न्हाई वाटतं कुणी."

मग तिनं गळ्यातली स्वतःची चांदीची डबी काढली, तिच्यातलं लिंग बाहेर घेतलं, त्या डबीत माझं ठेवलं आणि माझ्या गळ्यात घातली. स्वतःचं लिंग टोपणांत ठेवून दोरा आवळला, दातानं गाठ मारली आणि ते पदराखाली सोडलं.

"आणि तू?"

"लिंग आत हाय न्हवं? डबी काय हुंगायचीय मला?" ती म्हणाली. "ऊठ. बायकांची पानं मांड."

इथं हे प्रकरण थांबवलं असतं तर छान झालं असतं. वाचणाऱ्याचे डोळे पाणावले असते, आणि मी त्या दिवसापासून सुधारले असं त्यानं गृहीत धरलं असतं. मोठीआईची डबी मी तीन आठवड्यांत विकली.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा माझ्या गळ्यात शिवलेली कापडी पिशवी होती. मोठीआईनं ती पाहिली, आणि ताटात भाकरी वाढली, शेंगाच्या चटणीवर तेल सोडलं. यापलीकडे त्या डबीचा विषय तिनं आयुष्यात काढला नाही. माझं सुटलं ते पुष्कळ वर्षांनी, अगदी कंटाळवाण्या रीतीनं: गोळ्या, दर बुधवारी डॉक्टरीणबाईंकडे तासभर, पुन्हा घसरणं, पुन्हा बुधवार. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि आम्हा पुस्तकी माणसांना याचा थोडा अपमानच वाटतो. मोठीआई मात्र तेवढी सगळी वर्षं गळ्यात टोपणं घालून हिंडली. बसूनं तिला तीन वेळा नव्या डब्या आणल्या. लोक काय म्हणतील, असं तो म्हणायचा. ती म्हणायची, "लोकांना सांग, माप हाय."

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. आमच्याकडे फारशा बायका मातीला जात नाहीत, मी गेले. खड्ड्यात तिला बसवलं. बसूनं आणलेली चौथी डबी कोरी करकरीत चकाकत होती, पण तिचा तिथं काही उपयोग नव्हता, कारण मातीत लिंगच जातं. स्वामींनी तिच्या गळ्यातला दोरा सोडला. टोपणं पिवळी पडली होती, रेघा पुसल्या होत्या. त्यांनी ती कुणाकडे द्यावीत म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि मी हात पुढे केला. मग तिचा डावा तळहात उघडून त्यावर लिंग ठेवलं गेलं. बरोबर त्या गुलाबी पट्ट्यावर. माती पडेपर्यंत मला तेवढंच दिसत होतं.

नांदेडला आल्यावर मी टोपणं टेबलावर ठेवली. माझं लिंग पिशवीतून काढून त्यांत ठेवलं. अजूनही अगदी मापात बसतं. पण त्याआधी, खोलीत कुणी नाही हे बघून, मी ती दोन्ही टोपणं नाकाशी नेली. का नेली ते मी बुधवारी बाईंना सांगितलेलं नाही. लाल औषधाचा मागमूसही नव्हता. भस्माचा वास आला, आणि त्याखाली थोडा चुलीचा.

मी अजून एकदा हुंगलं.